आखो एक डाव : जुने व्हिडिओ गेम अजून का रंगतात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे गावी जमतो. अमळनेर तालुक्यातलं गाव, धाब्याचं घर, दारातल्या निंबाला झोका. बायका गौराईची गाणी म्हणत झोक्यावर, पुरुष ओट्यावर पत्त्यांत. एरवी पत्त्यांना नावं ठेवणारी आजीसुद्धा या दोन दिवसांत कोणाला काही बोलत नाही, हा आमच्या खानदेशातला जुना रिवाज. या वर्षी दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नव्हतं इतकं ऊन होतं. पोरं घरात कंटाळली आणि माळ्यावर चढली. माझा नऊ वर्षांचा भाचा एक खोका घेऊन खाली आला. आत आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम: पिवळा पडलेला डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट.

हा मुलगा मोबाइलवर माइनक्राफ्टमध्ये तीन मजली घरं बांधतो. मला वाटलं, दोन मिनिटांत टाकून देईल. तो दिवस मावळेपर्यंत उठला नाही. एकाच खड्ड्यात पडून पडून मेला आणि दर वेळी म्हणाला, "थांब आत्या, आता बघ." ओट्यावरून त्याच वेळी आवाज येत होता, "आखो एक डाव!" अहिराणीत आखो म्हणजे आणखी. हरलेला गडी पत्ते पुन्हा पिसायला लावतो तेव्हाचा तो आवाज. घरात आणि ओट्यावर एकच मागणी चालली होती, आणि मी मध्ये उंबऱ्यात बसून दोन्ही ऐकत होते.

जुने गेम अजून का आवडतात असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, आठवणींमुळे. माझ्या बाबतीत ते थोडं खरं आहे. पण माझ्या भाच्याला कसल्या आठवणी? ज्या सुपर मारिओवर तो दुपारभर चिकटला, तो जपानमध्ये १९८५ च्या सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा याच्या आईबापांचं लग्नही ठरलं नव्हतं. बत्तीस पातळ्या, सगळी चित्रं, सगळं संगीत मिळून तो मूळ गेम ४० किलोबाइटचा आहे. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं फुलाचं एक चित्रसुद्धा सहसा त्याहून मोठं असतं. म्हणजे गोडी आठवणीत नाही आणि चित्रांच्या झगमगाटातही नाही.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि या प्रश्नाचा विचार मी बरीच वर्षं करते आहे. माझं उत्तर असं आहे: हरल्यावर "चूक माझी झाली, आणि ती नेमकी कुठे झाली ते मला दिसलं" असं वाटायला लावतो, आणि लगेच पुन्हा खेळू देतो, तो खेळ टिकतो. हे ऐकायला सोपं आहे. घडवून आणायला फार अवघड आहे. कसं ते मारिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं.

भाच्याला मी मुद्दाम काही सांगितलं नाही. पडद्यावर मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. तो आपोआप उजवीकडे निघाला. समोरून एक तपकिरी, अळंबीसारखा प्राणी चालत आला. हा त्याला धडकला आणि मेला. खेळ सुरू होऊन पाच-सहा सेकंद झाले असतील, तेवढंच नुकसान. दुसऱ्या वेळी त्याने उडी मारली, आणि उडी मारताना डोकं वरच्या प्रश्नचिन्हाच्या डब्याला लागलं. नाणं निघालं. झालं, डोकं आपटायचं असतं हे कळलं. पुढच्या डब्यातून अळंबी निघाली. आधीचा प्राणीही तसाच दिसत असल्यामुळे हा घाबरून पळायला लागला. ती अळंबी उजवीकडे सरकली, पाइपला धडकली आणि उलटी फिरून याच्याच अंगावर आली. याने उडी मारली, पण डोक्यावर विटा होत्या, त्यांना आपटून तो नेमका तिच्यावरच पडला. आणि मारिओ मोठा झाला! "आत्या, ही चांगली असते!"

हा योगायोग नाही. तो पाइप आणि त्या विटा तिथे का ठेवल्या आहेत, हे गेमचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी स्वतः सांगितलेलं आहे. घाबरलेल्या नवख्या माणसालाही ती अळंबी मिळावी म्हणून ती जागा तशी रचलेली आहे. याच पातळीच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत आणि त्यांच्या मध्ये साधी जमीन. पडलात तर काही होत नाही, परत चढा. थोडं पुढे पुन्हा तसेच दोन जिने, पण आता मध्ये खड्डा. आधी बिनधोक सराव, मग तीच उडी जिवावरची. मी वीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे आणि एक शब्द न बोलता इतकं नीट शिकवणं मला अजून साधलेलं नाही. माझा भाचा ज्या खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडत होता, तो हाच.

तो पडत का होता, याची मात्र एक वेगळी गोष्ट आहे.

आधी आम्ही डबा बैठकीतल्या नव्या एलईडी टीव्हीला जोडला होता. भाचा पडला तेव्हा मी म्हटलं, दे इकडे, मी दाखवते. मीही पडले. तीनदा पडले. हाताला काहीतरी खटकत होतं. बटण दाबणं आणि मारिओचं उडणं यांच्यामध्ये काहीतरी अडकत होतं, दोरी ढिली असलेल्या मोटेसारखं. मग आजीच्या खोलीतला जुना डबा टीव्ही दोघांनी मिळून उचलून आणला, आणि उडी हातात आली.

कारण असं. असा गेम सेकंदाला ५० किंवा ६० चित्रं काढतो. जुना काचेच्या नळीचा टीव्ही आलेला सिग्नल त्याच क्षणी रेघ-रेघ करून पडद्यावर मारायचा. नवा टीव्ही आधी ते जुनं, कमी बारकाव्याचं चित्र थांबवतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. समजा त्यात पाच चित्रांचा उशीर झाला. सिनेमा बघताना ते कधी कळणार नाही. पण धावणारा मारिओ पाच चित्रांत पाऊण विटेइतकं अंतर जातो. काठावरून उडी मारायची असेल तेव्हा पाऊण वीट म्हणजे खड्डा. म्हणून तुमच्या नव्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर जुने गेम खेळताना तो जरूर लावा. त्यात ही साफसफाई कमी होते.

बंदुकीचीही हीच गत. बदक मारायच्या त्या खेळात बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट बंदूक बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा उमटतो, तोवर बंदुकीचं बघणं संपलेलं असतं. जुन्या टीव्हीवर पहिलं बदक पडलं तेव्हा भाचा ओट्यापर्यंत ओरडत गेला.

आता उडीकडे परत येते, कारण सगळ्या खेळाचा जीव तिच्यात आहे. मारिओची उडी दगड वर फेकल्यासारखी नाही. बटण थोडं दाबलं तर छोटी उडी, धरून ठेवलं तर उंच. बटण धरलं असताना वर जाताना त्याला खाली ओढणारी ताकद कमी असते, बटण सोडलं किंवा तो खाली येऊ लागला की जास्त. खऱ्या जगात असं होत नाही. पण हाताला हेच बरोबर वाटतं: वर तरंगतो, खाली ठाम उतरतो, आणि हवेत असतानाही थोडा वळवता येतो. चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी उड्यांचे गेम केले, त्यांनी या उडीचा अभ्यास केला आहे.

पुढच्या लोकांनी यात एक माया घातली. २०१८ मध्ये सेलेस्ट नावाचा डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम आला. तो भयंकर अवघड आहे. पण त्यात काठावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडी मान्य केली जाते. कार्टूनमधला कोल्हा कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरूनच या युक्तीला इंग्रजीत नाव पडलं आहे. हे कशाला, असं कोणी विचारेल. कारण आपल्या डोळ्यांना आणि बोटांना वाटतं की आपण वेळेवर दाबलं होतं. मशीनने तंतोतंत हिशेब केला तर माणूस म्हणतो, "मी दाबलं होतं, यानेच घेतलं नाही." एकदा हे वाटलं की खेळावरचा विश्वास उडतो. म्हणून चांगला गेम गुपचूप थोडी सूट देतो, म्हणजे त्यानंतरही पडलात तर चूक तुमचीच असते आणि ती तुम्हाला पटते. कबड्डीतला चांगला पंच जसा दम संपण्याच्या सीमारेषेवर अडून बसत नाही, तसं हे आहे.

समोरचा शत्रूही असाच कळणारा हवा. १९८० च्या पॅकमॅनमध्ये चार भुतं मागे लागतात. लहानपणी वाटायचं, चारही आंधळेपणाने धावतात. तसं नाही. लाल भूत सरळ तुमच्याच जागेकडे येतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवायला बघतं. निळं लाल भुताची जागा आणि तुमची दिशा असा दोन्हींचा हिशेब करून येतं, म्हणून त्याचा अंदाज लागत नाही. आणि नारिंगी लांब असलं की धावून येतं, जवळ आलं की फिरून आपल्या कोपऱ्याकडे पळतं. शिवाय अधूनमधून सगळी भुतं काही सेकंद पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात, तेवढा श्वास मिळतो. खो-खोत कोण सरळ झेपावतो आणि कोण हुलकावणी देतो हे खेळून खेळून जसं कळतं, तशीच ही भुतंही ओळखीची होतात.

पॅकमॅन बनवणारे तोरू इवातानी यांनी सांगितलं आहे की तेव्हाच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये फक्त मुलंच असायची, मुलींनीही यावं म्हणून त्यांनी गोळीबार सोडून खाण्यावर गेम केला. हे वाचलं तेव्हा मला भुसावळ आठवलं. वडील रेल्वेत होते, आम्ही तिथे वाढलो. स्टेशनकडच्या गल्लीत एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, पुढे पडदा, आत अंधार, रुपयाला एक डाव. मुली तिथे जात नसत. दादा जाऊन यायचा आणि रात्री जेवताना हातवारे करून सांगायचा. एका दुपारी मी हट्टच धरला आणि तो मला घेऊन गेला. स्टुलावर उभं राहून मी मुस्तफा खेळले.

मुस्तफा हे त्या गेमचं नाव नाही. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हा तो गेम, आणि मुस्तफा त्याच्या चार नायकांपैकी एक. पण जळगाव असो की धुळे, मूळ नाव घेतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. यात मात्र मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे: जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. पार्लरचे गेम नाणी गिळण्यासाठी केलेले होते. शेवटचे बलदंड शत्रू असे काही मारायचे की हुशारीला जागाच नव्हती, नाणं टाकून पुढे जा एवढंच. माझ्या कसोटीत मुस्तफा पुरता बसत नाही. तरी तो अजून आवडतो, कारण तीन जण एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून खेळायचे आणि जमिनीवर पडलेलं खाणं कोणी उचलायचं याचं भांडण खरं असायचं. दादाने त्या दुपारी समोर पडलेलं खाणं माझ्यासाठी सोडलं होतं. त्याचा स्वतःचा डाव त्यातच संपला. तीस वर्षं होत आली, पण मला ते लख्ख आठवतं.

पत्त्यांकडे वळते, कारण नशिबाचा प्रश्न राहिला. खेळात नशीब असलं तर चूक माझी कशी? याचं सुंदर उत्तर टेट्रिसमध्ये आहे. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तो केला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, दहा चौकोन रुंदीच्या जागेत रचायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. जुन्या आवृत्त्यांमध्ये कधी कधी लांब दांडी कितीतरी वेळ यायचीच नाही, आणि माणूस नशिबाला बोल लावायचा. पुढे नियम बदलला. आता सातही आकार एका पिशवीत घातल्यासारखे धरतात, पिशवी हलवतात, एक-एक काढतात, आणि पिशवी रिकामी झाल्याशिवाय नवी भरत नाहीत. हिशेब करून बघा: दांडी पहिल्या पिशवीत सर्वांत आधी आली आणि दुसरीत सर्वांत शेवटी, तरी मधे जास्तीत जास्त बारा आकार येतील. तेराव्याला ती येणारच. नशीब राहिलं, पण त्याला वेसण बसली. पत्त्यांतही तेच आहे. जोड बावन्न पानांचा असतो, एक्के चारच, हे ठाऊक असल्यामुळेच आमचे आप्पाकाका तीन हात पडल्यावर समोरच्याच्या हातात काय उरलंय ते सांगतात. फाशाला स्मरण नसतं, पत्त्यांच्या जोडाला असतं.

टेट्रिस जिंकता येत नाही, फक्त लांबवता येतो. निदान असंच सगळे मानत होते. निन्टेंडो कंपनीच्या मशीनवरच्या १९८९ च्या आवृत्तीत २०२३ च्या डिसेंबरमध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ वी पातळी गाठली, आणि गेमच गोठून थांबला. चौतीस वर्षांत तिथवर कोणी माणूस पोचला नव्हता. त्या मुलाच्या जन्माआधी दोन दशकं बाजारात आलेला खेळ!

आप्पाकाकांचा स्वतःचा खेळ मात्र वेगळाच. नोकियाने १९९७ मध्ये ६११० या फोनमध्ये साप घातला, आमच्याकडे तो पोचला पुढे टॉर्चवाल्या ११०० मधून. त्या काळी शेतीची लाईट रात्री-अपरात्री यायची. काका मोटारीपाशी खाटेवर बसून लाईटची वाट बघत साप खेळायचे. साप खातो, वाढतो, आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकून मरतो. त्यात शत्रू नाही, नशीब जवळपास नाही, आणि मेल्यापासून पुन्हा सुरू व्हायला एक बटण पुरे. मोटार चालू झाल्याचा आवाज आला की ते फोन खिशात टाकून बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी सोडायला उठत. मधेच सोडता येणं, हाही त्या खेळाचा मोठा गुण होता.

आजच्या मोबाइलवरचे कितीतरी गेम या ठिकाणी बदलले आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं. हरलात की चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा. पेटी उघडा, आत काय निघेल ते कोणालाच माहीत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून दिलं होतं की बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न लागता मिळालं, तर प्राणी कळ दाबतच राहतो. अशा गेममध्येही माणूस "आखो एक डाव" म्हणतो. पण तिथे जिंकणं त्याच्या हाताचं नसतं आणि हरण्यातून त्याला काही कळलेलं नसतं. आखाजीच्या पत्त्यांत पैसे लावणारेही आहेत, आणि त्यापायी जमीन गेलेली घरं आमच्या पंचक्रोशीत आहेत, म्हणून हा फरक मला हलका वाटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. पेट्या उघडायला लावणाऱ्या गेमबद्दल मात्र घरातच बोलावं लागतं.

नवे सगळे तसे नाहीत. भाच्याचा माइनक्राफ्ट २०११ मध्ये पूर्ण झाला, ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि त्यात बांधलेलं घर जळालं तर का जळालं ते मुलाला नेमकं सांगता येतं. "आगीशेजारी लाकूड ठेवलं होतं मी," असं त्याने मला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी तो मारिओच्या तिसऱ्या दुनियेपर्यंत गेला. सगळी पोरं टीव्हीभोवती, पत्ते संपवून दादाही येऊन बसला होता. आणि लाईट गेली. या डब्यात काही साठवून ठेवायची सोय नाही. गेलं ते सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या लहानपणी भारनियमनात हे रोजचंच होतं, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अंधारात तो माझ्या शेजारी गप्प बसून राहिला. आजीने कंदील लावला, आम्ही आमरस-पोळी जेवलो.

पाऊण तासाने ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "लाईट उनी!" तो हात न धुता धावला. मारिओ पुन्हा डाव्या कडेला उभा. तपकिरी प्राण्याच्या डोक्यावर उडी, डोक्याने डबा, अळंबी पाइपला लागून यायच्या आत त्याने पुढे जाऊन घेतली. पहिले दोन जिने. मग ते दुसरे दोन, मध्ये खड्डा असलेले, जिथे दुपारभर तो पडला होता. तिथे तो थांबलाही नाही. धावत आला, बटण धरून ठेवलं आणि पलीकडे उतरला.

"दादा," मी म्हटलं, "दुसरा रिमोट घे."